शेजारच्या पोरीचे डबे

पृथ्वी गोल आहे, असं मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. शेकडो मुलांनी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरूनही टाकलं. त्यावर मनापासून विश्वास ठेवला तो एकट्या आमच्या शेजारच्या पोरीनं, आणि नेमकं तिलाच मी आठवीत भूगोलात नापास केलं. महाराष्ट्राचा कोरा नकाशा देऊन मी नद्या भरायला सांगितल्या होत्या. या बाईसाहेबांनी गोदावरीच्या जागी एक घर काढलं, घराला दार काढलं, दारात एक लठ्ठ बाई उभी केली आणि खाली लिहिलं, 'इथं माझी मावशी राहते.' मी लाल पेनानं भला मोठा भोपळा दिला. आज ती सव्वीस वर्षांची आहे, निम्मा भारत एकटीनं पालथा घालून आली आहे, आणि तिच्या डोक्यातला नकाशा अजून तसाच आहे. त्यात नद्या सापडत नाहीत, राज्यांच्या सीमा सापडत नाहीत, सगळीकडं नुसती घरं आहेत आणि घरांच्या दारात उभ्या असलेल्या बायका आहेत. मी मात्र नकाशावर बोट ठेवून ब्रह्मपुत्रेचा उगम डोळे मिटून दाखवीन, पण आमच्या पुंडलिकनगरातून एकटी उठून कुठं गेले म्हणाल तर फार तर याच शहरातल्या औरंगपुऱ्यात, तेही भाजीला.

पूर्व-पश्चिम तर तिला आजही कळत नाही. सूर्य उगवला की ती त्याच्याकडं पाहून "अरे वा" म्हणते, त्यावरून दिशा ठरवायची असते हे तिच्या गावीही नसतं. एकदा कन्याकुमारीला म्हणून निघाली आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला तो ओडिशातून. मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "काकू, गाडी दुसरीच पकडली मी. पण इथं बी समुद्र हाय की! लई मोठा. मग चुकलं काय त्यात?" तिला वाट दाखवायला मोबाईल चालत नाही, मला फोन करणं सोडलं तर मोबाईलचा उपयोग ती फक्त बॅटरीसारखा करते. रस्ता विचारायचा तो भाजी विकणाऱ्या बाईला, असा तिचा नियम. का, तर भाजीवाली एका जागी बसलेली असते, तिला घाई नसते, आणि ती रस्ता सांगता सांगता आपण कोणाच्या, कुठल्या, लग्न झालंय का, सगळं विचारून घेते. "म्हंजी गावात शिरायच्या आत गावात आपल्या ओळखीचं एक माणूस तयार होतं," असं ती मला अगदी समजावून सांगते, जणू मीच आठवीत आहे.

वाळूजच्या एका कारखान्यात ती सहा-आठ महिने नेटानं काम करते आणि मग पाठीवर एक पिशवी टाकून निघते. या सगळ्याची सुरुवात तिच्या आईच्या हातून झाली, आणि ती माउली अजून त्या घटकेला दोष देते. शकुंतलाबाई आमच्या शेजारीण. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि त्या भिंतीवरून आमचं निम्मं आयुष्य इकडून तिकडं गेलं आहे. पोरगी एकोणीस वर्षांची असताना जळगावला नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती. सिल्लोडला गाडी दहा मिनिटं थांबली. बाहेर कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली. एवढा पांढराशुभ्र कापूस एका जागी तिनं पाहिला नव्हता, म्हणून ती खाली उतरून पाहत राहिली, पाहतच राहिली, आणि गाडी तिची बॅग घेऊन वेळेवर निघून गेली. मुलाखत बुडाली. भर दुपारी रस्त्याकडेला ती उभी असताना मक्याच्या दुकानापाशी बसलेल्या एका वयस्क बाईनं तिला हाक मारली, "अरे बेटी, गई तो गई बस, दुसरी आती. पैले खाना खा ले." पोरगी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. त्यांनी तिला घरी नेलं, पोटभर जेवू घातलं आणि निघताना एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा भरून गुलगुले बांधून दिले. बॅग पुढं सुखरूप मिळाली. डबा घेऊन पोरगी घरी आली.

आता आपल्याकडची कुठलीही आई जे करील तेच शकुंतलाबाईंनी केलं. "अगं, लोकाचं भांडं घरात ठिवून कसं चालंल? अन् रिकामं कसं द्यायचं?" असं म्हणून त्यांनी डब्यात पुरणाच्या पोळ्या भरल्या आणि पोरीला परत सिल्लोडला धाडलं. तिकडं खालांचंही घर तशाच वळणाचं निघालं. त्यांनी आपला डबा ठेवून घेतला, दुसऱ्या डब्यात शेवया भरल्या आणि तिच्या हातात दिला. मग तो डबा परत करायला आणखी एक फेरी, त्यावर पुन्हा एक. शकुंतलाबाई आणि खाला यांची आजपर्यंत एकदाही भेट झालेली नाही, पण खाला वेलदोडा किती घालतात आणि शकुंतलाबाईंचा हात गुळाला कसा सैल आहे हे दोघींना पक्कं ठाऊक आहे. चौथ्या फेरीला पोरीच्या लक्षात आलं की आपल्याला सिल्लोडमध्ये एक घर झालं आहे. मग तिनं विचार केला, की असं सगळीकडंच होईल. आईनं शिकवलेली रीत एवढी मनावर घेणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

तेव्हापासून ती निघते तेव्हा पिशवीत दोन जोडी कपडे आणि आईच्या मांडणीवरचा एक स्टीलचा डबा असतो. डब्यात कधी धपाटे, कधी दाण्याची चटणी, कधी तिळाचे लाडू. डब्यावर 'सौ. शकुंतला' असं कोरलेलं, कारण आमच्या पिढीत भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं आपलं होत नसे. जिथं कोणी घरात घेईल तिथं हा डबा द्यायचा आणि त्यांचा भरलेला डबा घेऊन पुढं जायचं. पुढच्या खेपेला त्यांचा डबा परत, अर्थातच रिकामा नाही. मेघालयात, राजस्थानात, कोकणातल्या खाडीकाठी आणि तमिळनाडूतल्या एका देवळाच्या गावात आज 'सौ. शकुंतला' मांडणीवर बसलेली आहे. आणि स्वतः शकुंतलाबाईंच्या मांडणीवर त्यांचं असं भांडं राहिलेलं नाही. परवापरवापर्यंत त्यांच्याकडं पोहे बांबूच्या टोपलीत असत, साखर गुजराती अक्षरांच्या डब्यात, मीठ एका नक्षीदार मातीच्या बरणीत. "माज्या लग्नातली भांडी सगळी हिंडायला गेली अन् मी इथंच," असं त्या भिंतीवरून मला म्हणतात. त्यात तक्रार किती आणि तोरा किती, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

मेघालयात ती एका घरी नऊ दिवस राहिली. त्यांना हिंदी येत नव्हती, हिला त्यांची भाषा येत नव्हती. बोलायची कशी, असं मी विचारलं. "काकू, भूक लागली हे सांगायला भाषा लागत नाय. पोट भरलं हे सांगायला लागते, पण ते कुठल्याच भाषेत सांगा, बाया ऐकत नायत. वाढतच राहतात." नऊ दिवस तिनं त्यांच्याबरोबर बसून सुपाऱ्या सोलल्या. दहाव्या दिवशी त्या घरची म्हातारी तिला सोडायला डोंगर उतरून चार तास चालत आली, आणि दोघी वाटभर आपापल्या भाषेत बोलत होत्या. मी मुलांना त्या डोंगरांची नावं क्रमानं पाठ करायला लावत असे.

सगळंच काही गोड झालं असं नाही. तीन गावांत तिला कोणी दारात उभं केलं नाही. एका मोठ्या स्टँडवर एक माणूस दोन तास तिच्या मागं मागं फिरत होता. तेव्हा ती सरळ बांगड्या विकणाऱ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली आणि न विचारता त्यांच्या बांगड्या रंगवार लावायला लागली. त्या बायकांनी काय ते ओळखलं. एकीनं त्या माणसाकडं अशी काही नजर टाकली की तो चालता झाला, आणि संध्याकाळपर्यंत पोरगी त्यांच्या घरी भाकरी थापत होती. मी तिला विचारलं, "तुला भीती म्हणून वाटत नाही का गं?" माझा अंदाज होता की ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "वाटते की, काकू. लई वाटते. पण दार उघडणाऱ्या बाईला माझ्याहून जास्त वाटते. कोण हाय, कुठली हाय, तिला काय माहीत? म्हणून मी आधी डबा पुढं करते." एवढ्या वयात हे कुठून शिकली कोण जाणे.

तिला आणखी एक खोड आहे. कोणाच्याही घरी गेली की ती सरळ स्वयंपाकघरात शिरते आणि भांड्यांवरची नावं वाचते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्याकडं गव्हाच्या कोठीमागं तिचा हात गेला आणि तिनं एक डबा बाहेर काढला. "काकू, ह्या इंदुबाई कोण?" मी म्हटलं, कोणी नाही. "झाकण बसत नाय याचं." मी म्हटलं, ठेव तिथं. तिनं ठेवला, पण माझ्याकडं अशी पाहत राहिली की शेवटी मला सगळं सांगावं लागलं. इंदुबाई म्हणजे माझी वहिनी. देवगाव रंगारी माझं माहेर. तेव्हा त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. भाच्याचं लग्न होतं. पहिली हळद आत्याच्या हातची, हा आमच्या घरचा मान. मी साडी नीट करायला आत गेले आणि बाहेर येते तो वहिनीनं गडबडीत स्वतःच्या बहिणीच्या हातून हळद लावून घेतलेली. भरल्या मांडवातून मी न जेवता निघाले. आमचे हे मागून धावत. गाडी सुटायच्या वेळेला हळदीच्या हातांनी वहिनी पळत स्टँडवर आली आणि खिडकीतून एक डबा ह्यांच्या हातात कोंबून गेली. आत बुंदीचे लाडू होते. झाकण भलत्याच डब्याचं होतं, वाटेत दोनदा निघालं, शेवटी रुमालानं बांधावं लागलं. तेव्हा मी ह्यांना म्हटलेलं मला लख्ख आठवतं, "बघा, झाकणसुद्धा धड दिलं नाही." लाडू खाल्ले, डबा राहिला. भावाला राखी पोस्टानं जाई, दिवाळीला फोनवर दोन वाक्यं होत, वहिनीशी एकही नाही.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हा कधी द्यायचा?" त्यानंतर दोन वर्षं, कुठूनही फोन केला तरी शेवटी हाच प्रश्न. जैसलमेरच्या बाजूच्या कुठल्याशा वाळवंटातून, आवाज मधूनमधून तुटत असताना तिनं विचारलं, "काकू, दिला का?" मी चिडायची. माझं मन जाळून खाणारी गोष्ट तिला एका डब्याची वाटत होती. खरं म्हणजे तिला ती डब्याचीच वाटत होती, आणि म्हणूनच तिला त्यातून वाट दिसत होती.

यंदा भादव्यात भावाचा फोन आला. "दसरा झाला की आमी पुण्याला, पोराकडं. हिचे गुडघे लई दुखतेत. घर बंद करून जाणार." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माहेरच्या दाराला कुलूप लागणार, आणि ते लागायच्या आत मी त्या दारात उभी राहिले नाही तर पुन्हा कधीच नाही, हे मला उभ्या उभ्या समजलं. मी भिंतीवरून पोरीला हाक मारली आणि म्हटलं, चल माझ्याबरोबर. माझी खात्री होती की ती उड्या मारत येईल. ती म्हणाली, "मी येणार नाय." मी म्हटलं, मग ह्यांना घेऊन जाते. "काकांना बी नेऊ नका. दोघं गेले की लोक विचारतात, किती दिवस राहणार. एकटीला विचारतात, जेवली का." साठी उलटलेल्या बाईला असं बोलायचं धाडस तिच्यातच.

मी दाण्याच्या पोळ्या केल्या, डबा भरला, झाकण रुमालानं बांधलं. उभ्या आयुष्यात मी एसटीचं तिकीट स्वतः काढलेलं नव्हतं. आधी वडील काढत, मग भाऊ, मग हे. ह्यांनी मला सुट्टे पैसे कुठल्या कप्प्यात, पाणी कुठल्या कप्प्यात, असं पंधरा मिनिटं समजावलं आणि वर चिठ्ठी दिली. कंडक्टर आला तेव्हा मी "देवगाव रंगारी, एक" म्हणाले ते एवढ्या मोठ्यानं की पुढच्या तीन बाकांनी वळून पाहिलं. "अर्धंच लागतंय मावशी बायकांना," तो म्हणाला. डबा मांडीवर घट्ट धरून मी खिडकीशी बसले. कसाबखेडा गेलं तशी मी रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा तपासायला लागले. दार कोण उघडेल, उघडलं तर काय बोलेल, हेच मनात फिरत राहिलं. पोरगी मेघालयाच्या डोंगरात एकटी कशी गेली असेल हे मला पहिल्यांदा त्या गाडीत कळलं, साठ किलोमीटरसुद्धा नसलेल्या प्रवासात.

दार वहिनीनंच उघडलं. केस पांढरे झालेले, चौकटीला धरून उभी. मग पोरीचं आठवलं आणि मी आधी डबा पुढं केला. वहिनीनं डबा पाहिला, रुमाल पाहिला, आणि मागं वळून गुडघ्यावर हात ठेवत आत गेली. मला वाटलं, संपलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक झाकण होतं. तिनं रुमाल सोडला, जुनं झाकण बाजूला ठेवलं आणि हातातलं दाबलं. ते टक्क करून बसलं. "तवाच ध्यानात आलं व्हतं मला, झाकण दुसरंच दिलं म्हणून," ती म्हणाली. "हे धाडून देनार व्हते. मग म्हटलं, राहू दे. झाकनापायी तरी वन्सं येतील." आणि मग, अकरा वर्षांचं रडू आवरत मी उंबऱ्यात उभी असताना, तिनं विचारलं, "जेवल्या का?"

मी दोन दिवस राहिले. निघताना वहिनीनं एक कढीव तुपाची बरणी दिली आणि बजावलं, की बरणी पुण्याला आणून द्यायची, आणि एकटीनं यायचं. ही हकिकत पोरीला सांगायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात धावले. ती ऐकत होती, डोळे पुसत होती, आणि हातानं मांडणीवरची भांडी उतरवत होती. यंदा ती लांब निघाली होती. नेपाळ आणि तिथून पुढं, वर्षभर तरी. जायच्या आधी सगळ्यांची भांडी परत करायची आणि नवी घ्यायची नाहीत म्हणून गेले सहा महिने तिनं तोच सपाटा लावला होता. टोपली गेली, मातीची बरणी गेली, गुजराती डबा गेला. शकुंतलाबाईंची मांडणी रिकामी होत चालली होती.

दुसऱ्या दिवशी पोरगी बाहेर गेल्यावर शकुंतलाबाई पदराखाली काहीतरी घेऊन आमच्याकडं आल्या. तमिळनाडूच्या त्या देवळाच्या गावातला पितळी डबा होता. "ह्यो तुमच्याकडं ठिवा," त्या म्हणाल्या. "तिनं विचारलं तर माहीत नाय म्हणा. एक तरी राहू द्या वं." मी काही न विचारता तो घेतला आणि गव्हाच्या कोठीमागं, जिथं इंदुबाईंचा डबा अकरा वर्षं होता, तिथं ठेवला. तेव्हा वहिनीची फार आठवण झाली.

निघायच्या आदल्या दिवशी पोरगी आलीच. "काकू, तो पितळी डबा कुठं दिसला का? सगळं घर पालथं घातलं." तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी म्हणाले, "नाही गं." तिनं माझ्याकडं पाहिलं. मग गव्हाच्या कोठीकडं पाहिलं. या स्वयंपाकघरातली एकूण एक भांडी तिला तोंडपाठ आहेत. ती वाकली, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "असू दे. आल्यावर शोधते."

तिला जाऊन आता चार महिने झाले. पितळ लवकर काळं पडतं, म्हणून दर शनिवारी मी तो डबा बाहेर काढते, चिंच लावून घासते, पुसते आणि परत कोठीमागं ठेवून देते.